थोरलीं आणि धाकटीं अक्षरें : एका तुलनेचा इतिहास

दोन शब्द एकच आहेत कीं भिन्न आहेत, हें ओळखण्याइतकें सोपें काम दुसरें नसेल असें कोणासही वाटेल. इंग्रजी शिकूं लागलेला मुलगा पहिल्या वर्षींच जाणतो कीं, एखाद्या गांवाचें नांव सबंध कॅपिटल अक्षरांत लिहिलें काय किंवा पहिलेंच अक्षर कॅपिटल घालून लिहिलें काय, गांव बदलत नाहीं. स्टेशनावरील पाटी आणि हातांतील तिकीट यांवरील अक्षरांची जात निराळी दिसली, म्हणून कोणी उतारू गाडींतून उतरावयाचा राहिल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु हेंच काम संगणकावर सोंपविलें म्हणजे तें एकाएकीं अवघड होऊन बसतें. संगणकांना आज्ञा देण्याच्या ज्या अनेक भाषा आहेत, त्यांत ‘सी’ ही वडीलधारी भाषा होय. थोरल्या व धाकट्या अक्षरांतील भेद न धरतां दोन अक्षरमालिकांची तुलना कशी करावी, आणि विशेषतः त्या मालिका जगांतील सर्व लिप्यांसाठीं योजिलेल्या ‘वाइड’ म्हणजे रुंद अक्षरांच्या असल्या तर काय करावें, हा प्रश्न त्या भाषेंत लिहिणारांना वारंवार पडतो. प्रश्न एका ओळीचा आहे. परंतु त्याचें उत्तर शोधूं लागल्यास बाराशें वर्षें मागें जावें लागतें.

आपल्या नागरींत, अथवा पेशवाईच्या दप्तरांतील मोडींत, असा भेद मुळींच नाहीं. विशेषनामाचा ‘क’ आणि सामान्यनामाचा ‘क’ एकच. यामुळें युरोपीय अक्षरांतील हें द्वैत आपण शाळेंत पाठ करतों, पण तें आलें कोठून असा प्रश्न सहसा करीत नाहीं. वस्तुतः सर्व अडचणीचें मूळ तेथेंच आहे.

रोमन लोकांचे शिलालेख पाहिले तर त्यांतील अक्षरें एकाच जातीचीं दिसतात. सम्राट् ट्राजन याच्या विजयस्तंभाच्या पायथ्याशीं इ. स. ११३ मध्यें कोरलेला लेख आजही अक्षरकार नमुना म्हणून डोळ्यांपुढें ठेवितात. त्यांत आरंभापासून अखेरपर्यंत केवळ थोरलीं अक्षरें आहेत. रोजच्या पत्रव्यवहारासाठीं त्या काळीं निराळें धांवतें वळण असे. परंतु एकाच शब्दांत दोन वळणें मिसळावीं ही कल्पना कोणाच्या स्वप्नींही नव्हती. पुढें कांहीं शतकें चर्मपत्रावर भराभर लिहितां लिहितां अक्षरें गोल झालीं, कांहींच्या रेघा वर चढल्या, कांहींच्या खालीं उतरल्या. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यांत या लहान वळणाचें एक सुबक आणि सुवाच्य रूप प्रचारांत आलें. त्या काळच्या विद्येच्या पुनरुज्जीवनाशीं यॉर्कचा पंडित आल्क्विन याचें नांव निगडित आहे. तो ७९६ पासून ८०४ सालीं मृत्यु येईपर्यंत तूर येथील मठाचा अधिपति होता. पंधराव्या शतकांत फ्लॉरेन्सच्या पोज्जो ब्राच्चोलिनीसारख्या विद्वानांनीं हें वळण पुनः उचललें आणि त्याच्या जोडीस प्राचीन शिलालेखांतील थोरलीं अक्षरें आणून बसविलीं. निकोलस जेन्सन यानें १४७० सालीं व्हेनिस येथें याच धर्तीचे सुंदर खिळे पाडले, आणि छापखान्यानें हा संबंध कायमचा केला.

जुळाऱ्यांपुढें खिळ्यांच्या दोन पेट्या तिरप्या मांडलेल्या असत. वरच्या पेटींत थोरलीं अक्षरें, खालच्या पेटींत धाकटीं. इंग्रजींत अक्षराच्या या जातीस ‘केस’ म्हणजे पेटी हें जें नांव पडलें, तें या लांकडी पेट्यांवरून. सारांश, थोरलें आणि धाकटें अक्षर हीं एका आईचीं जुळीं मुलें नव्हेत. सुमारें सातशें वर्षांच्या अंतरानें घडलेल्या दोन लिप्यांचा तो विवाह आहे, आणि कोणत्या थोरल्याशीं कोणत्या धाकट्याची गांठ घालावी हें निसर्गानें ठरविलेलें नसून त्या त्या लोकांच्या रूढीनें ठरविलें आहे. हें एकदां ध्यानांत धरलें म्हणजे पुढील इतिहासांतील एकही ठेंच आश्चर्याची वाटत नाहीं.

तारायंत्राच्या युगांत हा विवाह कांहीं काळ मोडला होता असें म्हणतां येईल. फ्रान्समधील एमिल बोदो याच्या नांवानें जी पद्धति रूढ झाली, तींत प्रत्येक अक्षरासाठीं पांच खुणा असत. पांच खुणांच्या जुळण्या बत्तीसच होतात. इतक्या तुटपुंज्या जागेंत अक्षरांचे दोन संच मावणें शक्यच नव्हतें. तारेला एकच जात पुरे झाली. संगणकांचा जमाना आला तेव्हां अमेरिकेंत ‘आस्की’ नांवाची सर्वमान्य संकेतावली तयार करण्यांत आली. तींत सात बिटांच्या योगें १२८ चिन्हें दर्शविण्याची सोय होती. तरी १९६३ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तींत धाकटीं अक्षरें नव्हतींच; १९६७ च्या सुधारलेल्या आवृत्तींत तीं दाखल झालीं.

मात्र तीं दाखल करतांना कर्त्यांनीं मोठें चातुर्य दाखविलें. थोरल्या ‘ए’ला ६५ हा अंक दिलेला होता, धाकट्या ‘ए’ला ९७ दिला. ‘बी’ला ६६ आणि ९८, याप्रमाणें शेवटच्या ‘झेड’पर्यंत प्रत्येक जोडींतील अंतर नेमकें बत्तीस. संगणक सर्व अंक द्विमान पद्धतीनें लिहितो, आणि बत्तीस म्हणजे त्या पद्धतींतील एकच बिट. हा एक बिट मिटविला कीं धाकटें अक्षर थोरलें होई, आणि उठविला कीं थोरलें धाकटें. बाराशें वर्षांचा लिपींचा इतिहास एका बिटांत येऊन बसला! परंतु ही सोय सव्वीस इंग्रजी अक्षरांपुरतीच होती. तीही सर्व यंत्रांवर नव्हती. आयबीएम कंपनीच्या १९६४ सालीं जाहीर झालेल्या मोठ्या यंत्रांच्या संकेतावलींत हेंच अंतर चौसष्ट होतें, आणि अक्षरांच्या ओळींत मध्येंच खिंडारेंही होतीं.

याच सुमारास सी भाषेचा जन्म झाला. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यानें ती घडविली; तिला मुख्य आकार आला तो १९७२ सालीं. तिच्यांत शब्द म्हणून निराळी वस्तु नाहीं. अक्षरांचे अंक एकापुढें एक मांडावयाचे आणि शेवटीं शून्य ठेवून ओळ संपल्याची खूण करावयाची, एवढीच तिची अक्षरमालिका. दोन मालिकांची तुलना करणारें ‘स्ट्रकंप’ नांवाचें साधन भाषेच्या भांडारांत आहे. तें पहिल्या अंकाशीं पहिला, दुसऱ्याशीं दुसरा असे अंक पडताळून पाहतें आणि पहिला फरक सांपडतांच थांबतें. त्यास अक्षर कळत नाहीं, अंक कळतो. म्हणून त्याच्या लेखीं ६५ आणि ९७ यांत ६५ आणि ६६ यांच्याइतकाच परकेपणा आहे.

यावर उपाय सोपा दिसला. तुलना करण्यापूर्वीं प्रत्येक अक्षर ‘टूलोअर’ या साधनानें धाकटें करावें आणि मग पडताळावें. सहा-सात ओळींत हें काम होतें, आणि हजारों लेखकांनीं तें आपापल्या हातानें केलें. नवल असें कीं, भेद न धरणारी तुलना हें साधन म्हणून सी भाषेच्या प्रमाणग्रंथांत आजवर आलेलेंच नाहीं. १९८९ सालच्या अमेरिकन प्रमाणांत तें नव्हतें, आणि २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तींतही नाहीं. बर्कलीच्या युनिक्सवाल्यांनीं ‘स्ट्रकेसकंप’ नांवानें तें केलें, मायक्रोसॉफ्टनें ‘स्ट्रिकंप’ नांवानें केलें. एका घरचें नांव दुसऱ्या घरीं ओळखीचें नाहीं. प्रमाणकारांचें हें मौन वरवर पाहतां आळसाचें वाटेल. परंतु पुढें जें घडलें तें पाहिल्यावर त्यांत कांहीं शहाणपणही होतें असें म्हणावेंसें वाटतें.

इंग्रजीपलीकडचें जग संगणकाच्या दारीं येऊन ठेपलें तेव्हां एका बाइटाच्या २५६ घरांत जागा पुरेना. एकट्या चिनी लिपीचीं चिन्हें हजारोंनीं मोजावीं लागतात. म्हणून सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणांतच अधिक रुंद अशा अक्षरकोष्ठाची तरतूद करण्यांत आली, आणि १९९५ च्या पुरवणीनें या रुंद अक्षरांसाठीं तुलनेचीं, मोजणीचीं व रूपांतराचीं साधनें पुरविलीं. ‘टूलोअर’च्या जागीं ‘टोडब्ल्यूलोअर’ आलें. दरम्यान जगांतील सर्व लिप्यांना एकाच यादींत अंक देण्याचा ‘युनिकोड’ हा उपक्रम सुरू होऊन १९९१ सालीं त्याची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली होती. आतां कोष्ठ रुंद झाले, अंक सर्वांना मिळाले. तेव्हां जुनाच सहा-सात ओळींचा उपाय नव्या साधनांनीं पुनः लिहिला कीं काम झालें, असें लेखकांस वाटलें. पुढें २००८ च्या पॉझिक्स प्रमाणांत ‘डब्ल्यूसीएसकेसकंप’ नांवानें हें साधन अधिकृतही झालें; विंडोजवर त्याचें भावंडं निराळ्या नांवानें नांदत होतेंच.

परंतु त्या सहा-सात ओळींत चार गृहीतें दडलेलीं होतीं. एका अक्षराची जोडी नेहमीं एकाच अक्षराशीं असते, हें पहिलें. सर्वांना धाकटें केलें काय किंवा थोरलें केलें काय, फळ तेंच, हें दुसरें. जोड्या सर्व लोकांत त्याच असतात, हें तिसरें. आणि एका कोष्ठांत एक सबंध अक्षर मावतें, हें चौथें. इंग्रजींत हीं चारी खरीं आहेत. इंग्रजीबाहेर पाऊल टाकतांच तीं एकामागून एक कोसळतात.

जर्मन भाषेंत ‘एस्त्सेट’ नांवाचें एक अक्षर आहे. त्याचा उच्चार ‘स’सारखा. रस्ता या अर्थाच्या ‘श्ट्रासऽ’ या शब्दांत तें येतें. हाच शब्द थोरल्या अक्षरांत लिहितांना परंपरेनें त्या एका अक्षराच्या जागीं दोन ‘एस’ लिहितात. म्हणजे थोरलें होतांना शब्दाची लांबीच वाढते. एक अक्षर घेऊन एकच अक्षर परत देणाऱ्या साधनास हें साधणें कालत्रयीं शक्य नाहीं. या अक्षराचें स्वतंत्र थोरलें रूप युनिकोडांत २००८ सालीं आलें आणि जर्मन शुद्धलेखन-परिषदेनें त्यास २०१७ सालीं मान्यता दिली. तरी दोन ‘एस’ लिहिण्याची रीत चालूच आहे.

ग्रीक ‘सिग्मा’ची कथा याहून मौजेची आहे. त्याचें थोरलें रूप एक, पण धाकटीं रूपें दोन : शब्दाच्या आंत एक आणि शब्दाच्या अंतीं दुसरें. थोरला सिग्मा धाकटा केला तर तो आंतलें रूप घेतो, आणि शब्दान्तींचा धाकटा सिग्मा मात्र आपल्या जागीं तसाच राहतो. यामुळें धाकट्यांत आणून तुलना करणाऱ्यास तोच शब्द दोन भासतो. उलट थोरल्यांत आणून तुलना केली तर दोन्ही रूपें एकत्र मिळतात. मग सर्वत्र थोरल्यांतच आणावें, असें कोणी म्हणेल. परंतु तेथें तुर्कस्थान आडवें येतें.

मुस्तफा केमाल याच्या राजवटींत १ नोव्हेंबर १९२८ च्या कायद्यानें तुर्की भाषेनें अरबी वळणाची लिपी टाकून लॅटिन अक्षरें स्वीकारलीं. तुर्कींत ‘इ’सारखे दोन भिन्न स्वर आहेत, त्यांसाठीं टिंब असलेला ‘आय’ आणि बिनटिंबाचा ‘आय’ अशीं दोन अक्षरें ठरलीं, आणि टिंबाच्या धाकट्यास टिंबाचा थोरला, बिनटिंबाच्यास बिनटिंबाचा, अशी अत्यंत तर्कशुद्ध वांटणी करण्यांत आली. इंग्रजीची रीत खरें पाहतां अधिक विचित्र. तिचा धाकटा ‘आय’ टिंब मिरवितो आणि थोरला होतांच तें टाकून देतो. परंतु यंत्रें इंग्रजीच्या घरीं वाढलेलीं. तुर्की रीतीवर लाविलेल्या संगणकांत थोरल्या अक्षरांतला ‘फाइल’ हा इंग्रजी शब्द धाकटा केला म्हणजे मधला ‘आय’ बिनटिंबाचा होतो, आणि तो शब्द मूळच्या धाकट्या ‘फाइल’शीं जुळत नाहीं. समजा, ‘फाइल’ या शब्दानें आरंभ होणारा पत्ता आंत सोडूं नये, असा पहारा एखाद्या आज्ञावलींत ठेविला आहे. इंग्रज यंत्रावर पहारेकरी चोख काम करतो. तुर्की यंत्रावर तोच शब्द थोरल्या अक्षरांत आला तर पहारेकऱ्यास तो अनोळखी वाटतो, आणि तो त्यास निर्वेध जाऊं देतो.

याच्या उलट दिशेची फसगतही घडलेली आहे. युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानें बिनटिंबाचा धाकटा ‘आय’ थोरला केला म्हणजे साधा इंग्रजी थोरला ‘आय’ होतो. अर्थात् थोरल्यांत आणून तुलना केल्यास टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन भिन्न पत्ते एकच ठरतात. २०१९ सालीं एका विख्यात संगणक-संस्थेच्या ‘संकेतशब्द विसरलों’ या सोयींत या जातीचा दोष असल्याचें एका संशोधकानें उघड केलें. तेथें तुलना खऱ्या मालकाच्या पत्त्याशीं जुळे, पण नव्या संकेतशब्दाचें पत्र मात्र मागणाऱ्यानें टंकिलेल्या पत्त्यावर जाई. दोष सी भाषेपुरता नव्हता हें यावरून दिसेल. अक्षरांच्या समतेविषयींची भोळी समजूत जेथें जेथें असेल तेथें तेथें तो आहे. एका टिंबाच्या फरकानें एकाची किल्ली दुसऱ्याच्या हातीं पडावी, यापरतें या प्रश्नाचें गांभीर्य दाखविणारें उदाहरण देण्याचें कारण नाहीं.

राहिलें चौथें गृहीत. युनिकोडचे आरंभींचे कर्ते सोळा बिट म्हणजे ६५,५३६ घरें जगास पुरतील असें समजत होते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तींत त्यांना ती मर्यादा ओलांडून अकरा लाखांवर घरांची सोय करावी लागली. परंतु तत्पूर्वीं विंडोजनें आपलें रुंद अक्षर सोळा बिटांचें ठरवून टाकलें होतें. लिनक्सवर तें बत्तीस बिटांचें आहे. त्यामुळें विंडोजवर यादीच्या वरच्या भागांतील प्रत्येक अक्षर दोन कोष्ठांत तुकडे करून ठेवावें लागतें. त्या भागांत २००१ सालीं दाखल झालेल्या लिप्यांत अमेरिकेंतील यूटा प्रांतीं मॉर्मन पंथीयांनीं एकोणिसाव्या शतकांत रचिलेली ‘डेझरेट’ ही एक होती, आणि तिच्यांत थोरलें-धाकटें हा भेद आहे. एका वेळीं एक सोळा बिटांचा कोष्ठ घेऊन त्यास धाकटा करणाऱ्या साधनाच्या हातीं येथें अर्धेंच अक्षर येतें. अर्ध्या अक्षरास ना धाकटेपण ना थोरलेपण.

मग यावर युनिकोडनें तोड काय काढली? थोरलें किंवा धाकटें करण्याचा नादच सोडून तुलनेपुरती एक तिसरीच क्रिया त्यांनीं नेमिली. तिला घडी घालणें म्हणतात. तिच्यासाठीं एक लांबलचक कोष्टक प्रसिद्ध करण्यांत येतें. सिग्माचीं तिन्ही रूपें त्यांत एकाच घडींत बसतात; एस्त्सेट उलगडून दोन ‘एस’ होतो; आणि तुर्की जोड्या निराळी खूण करून बाजूला ठेविल्या आहेत, ज्यास हव्या त्यानें त्या घ्याव्या. एकदां ठरलेली घडी पुढें बदलावयाची नाहीं, असें वचनही दिलेलें आहे. या वचनाचें मूल्य चेरोकी लिपीनें कळतें. सिक्वोया या चेरोकी गृहस्थानें १८२१ च्या सुमारास आपल्या लोकांसाठीं ही लिपी सिद्ध केली. १९९९ सालीं ती युनिकोडांत आली ती एकाच जातीच्या अक्षरांनिशीं. पुढें २०१५ सालीं तिचीं धाकटीं अक्षरें स्वीकारण्यांत आलीं. जुन्या अक्षरांची घडी बदलतां येत नव्हती, म्हणून सर्व जगाच्या उलट चेरोकींत तुलनेसाठीं धाकट्यानेंच थोरल्याचें रूप घ्यावयाचें असें ठरलें. कोष्टक मोठें, अपवादांनीं भरलेलें, आणि तरी अपुरें. परंतु तें प्रामाणिक आहे, कारण रूढीला नियम म्हणण्याचा आव तें आणीत नाहीं.

येथवरचें वाचून, ‘आमच्या नागरीला हा रोग नाहीं’ असें समाधान मराठी वाचकास वाटणें साहजिक आहे. नागरी अक्षर धाकटें करूं गेल्यास तें जसेंच्या तसें परत येतें हें खरें. परंतु समतेचा प्रश्न आपल्याही उंबरठ्याच्या आंत आहे. ‘कऱ्हाड’ या गांवाच्या नांवांतील ‘ऱ’ युनिकोडांत दोन प्रकारें लिहितां येतो : त्याचा स्वतःचा एक अंक आहे, आणि साध्या ‘र’ला खालीं नुक्ता देऊनही तेंच अक्षर सिद्ध होतें. युनिकोडचा स्पष्ट दंडक आहे कीं दोन्ही लेखनें एकच समजावीं. डोळ्यास त्यांत तिळमात्र फरक दिसत नाहीं. परंतु अंक पडताळणाऱ्या साधनास तीं दोन निराळीं गांवें आहेत. एका कचेरींत एका प्रकारें नोंदलेलें ‘गोऱ्हे’ हें आडनांव दुसऱ्या प्रकारें टंकून शोधलें, तर यंत्र निर्विकारपणें सांगेल कीं असा कोणी माणूस आमच्या यादींत नाहीं.

तेव्हां तुलना करणाऱ्यानें प्रथम स्वतःस विचारावयाचा प्रश्न असा कीं, ही तुलना कोणाच्या आणि कशासाठीं? यंत्राच्या अंतर्गत व्यवहारांतील ठराविक शब्द असतील, तर देशोदेशींच्या रीतींचा त्यांत शिरकाव होऊं न देतां सव्वीस अक्षरांचा जुना नियमच ठाम धरावा. तेथें तो निर्दोष आहे. माणसांचीं नांवें व त्यांचें लेखन असेल, तर प्रथम एकाच अक्षराचीं अनेक लेखनें एका रूपांत आणावीं, मग युनिकोडच्या कोष्टकानें घडी घालावी, आणि भाषा तुर्की असल्याचें ठाऊक असेल तर तिचा मान राखावा. आणि जेथें तुलनेवर कोणाचा हक्क वा अधिकार ठरत असेल, तेथें जुळणी झाल्यावरही समोरच्यानें टंकिलेलें नांव न वापरतां आपल्या दप्तरांतील नोंदच वापरावी. सी भाषेच्या सहा-सात ओळी यांपैकीं पहिल्याच कामास पुरतात. बाकीच्यांसाठीं त्या कामाकरितां बांधलेलीं भांडारें आहेत, त्यांचा आश्रय करण्यांत कमीपणा नाहीं.

प्रमाणकारांच्या मौनाचा अर्थ आतां उलगडतो. ज्या प्रश्नाचें उत्तर भाषेगणिक आणि हेतूगणिक बदलतें, त्यास एका नांवाचें एकच साधन देणें म्हणजे लेखकास खोटा निर्धास्तपणा देणें होय. दोन अक्षरें समान आहेत हें यंत्र शोधून काढीत नाहीं. तें कोणी तरी आधीं ठरविलेलें असतें. तूरच्या मठांतील लेखकांनीं, व्हेनिसच्या खिळेकारानें, अंकाऱ्याच्या कायदेमंडळानें आणि चेरोकी पंडितानें आपापल्या लोकांपुरतें तें ठरविलें. आज तो अधिकार नकळत आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणाच्या हातीं आला आहे. त्याच्या त्या चार ओळींवर कोणाचें तरी नांव ओळखलें जावयाचें किंवा परकें ठरावयाचें अवलंबून असतें, एवढें भान त्यानें लिहितांना ठेविलें तरी पुष्कळ झालें.